हिरव्या दोऱ्याची गाठ

"थांबलीस का गं?" आत्याबाईंनी दारातून विचारलं.

माझ्या मांडीवर सूप होतं, सुपात तंबाखू, डाव्या हाताच्या चिमटीत नुकतीच वळलेली विडी आणि उजव्या हातात दोरा. दोन वेढे द्यायचे, गाठ मारायची, दोरा तोडायचा. दिवसाला हजार वेळा मी हे करत होते आणि बारा वर्षं करत होते. त्या सकाळी दुसरा वेढा दिला आणि मनगटातून अशी कळ निघाली की बोटं आपोआप उघडली. विडी उलगडली, तंबाखू सुपात सांडला आणि मोकळं पान तेवढं हातात राहिलं.

"इंदू, इचारते मी. कात्री वाजंना, सूप वाजंना."

आत्याबाई म्हणजे माझी सासू. मोतीबिंदूनं त्यांची नजर जवळजवळ गेली होती, पण घरात कोण काय करतंय हे त्या दारातल्या पोत्यावर बसून कानांनी बघायच्या. विडी वळतानाचा प्रत्येकीच्या सुपाचा आवाज त्यांना वेगळा ओळखू येई.

"दोरा संपला," मी म्हणाले.

दोरा संपला नव्हता. गुलाबी दोऱ्याचं अख्खं रीळ पायाशी पडलं होतं.

संगमनेरातल्या आमच्या गल्लीत घरटी एक तरी बाई विड्या वळायची. त्या सगळ्यांत मी जलद होते आणि ही गोष्ट मी कुणाला विसरू देत नसे. बायका दुपारी दोनला जेवायला उठायच्या तेव्हा माझ्या सातशे विड्या झालेल्या असायच्या. कुणी हात दुखतो म्हटलं की मी हसायची. "हात दुखत नाही, जीव चोरतोय," हे माझं ठरलेलं वाक्य होतं. कितीजणींना ते मी ऐकवलं असेल, याचा हिशेब आता नको.

तेव्हा माझा हात दुखायला लागून दोन महिने झाले होते आणि मी ते कुणाला कळू दिलं नव्हतं. हळद आणि चुना कालवून लेप लावून झाला. तव्यावर जाडं मीठ भाजून पुरचुंडीनं शेकून झालं. एरंडाचं पान, आंबेहळद, पिवळ्या बाटलीतला बाम, काही ठेवलं नाही. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मनगट दाबून बघितलं आणि दीड महिना हाताला पूर्ण विश्रांती सांगितली. दीड महिना विड्या नेऊन दिल्या नाहीत तर कारखान्यातलं माझं कामाचं कार्ड रद्द होणार होतं. आमचे हे ट्रकवर असायचे, आठ-दहा दिवसांनी एकदा घरी यायचे. दीर भिवंडीला गेला होता तो तिकडचाच झाला होता. घर चालत होतं ते माझ्या या दोन हातांवर. आणि आता हात असा झाला होता की भाकरी थापताना डोळ्यांतून पाणी यायचं. सकाळी उठल्यावर तांब्यासुद्धा धरवायचा नाही.

घरात तिसरं कुणी नव्हतं. पूर्वी होतं. माझी धाकटी जाऊ, शेवंता. ती दोन वर्षांपूर्वी मागच्या विहिरीत पडून गेली. पाय घसरला, असं सगळी गल्ली म्हणायची. गल्लीला तसं मीच सांगितलं होतं.

शेवंता डावखुरी होती. जेवताना आत्याबाईंनी तिला उजव्या हाताची सवय लावली, पण विडी ती डाव्या हातानंच बांधायची. त्यामुळे तिच्या दोऱ्याचा वेढा उलटा बसायचा आणि गाठ विडीच्या दुसऱ्या अंगाला यायची. कारखान्यातला चेकर हजार विड्यांच्या ढिगातून तिची विडी उचलून दाखवायचा. ती गेल्यावर तिचं सूप आत्याबाईंनी खुंटीवरून काढू दिलं नाही. त्यात तिचं अर्धं रीळही तसंच होतं. हिरवं. तिच्या वेळी कारखाना हिरवा दोरा द्यायचा. ती गेली त्या वर्षी गुलाबी सुरू झाला.

त्या दिवशी पान हातात धरून मी बराच वेळ बसले. मग सूप खाली ठेवलं आणि आत्याबाईंना सांगितलं, "जरा अकोले रस्त्याला जाऊन येते."

"ठकूबाईकडं?"

मी दचकले. "तुम्हाला कसं ठाऊक?"

"म्हैना झाला, तू भाकर एका हातानं थापतीस. आवाज येतो ना," आत्याबाई म्हणाल्या.

ठकूबाई वस्तीवर राहायची. शेळ्या राखायची आणि मनगट, कोपर, खांदा यांच्या दुखण्यावर निर्गुडीचा पाला द्यायची. दिसायला काटक होती, बोलणं तोडून टाकल्यासारखं. तिनं माझं मनगट हातात घेतलं, अंगठ्याच्या मुळाशी नेमकं दाबलं आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मी ओठ चावला.

"विड्या?"

"हो."

"तुह्या घरचं कोनी आलं व्हतं का आधी पाल्याला?"

"नाही," मी म्हणाले.

"आलं व्हतं. तुहंच घर सांगितलं तिनं. डावखुरी व्हती, डावंच मनगट धरून आली व्हती. तिला गुन आला का?"

शेळ्यांच्या लेंड्यांचा वास येत होता. मी तिकडेच बघत म्हणाले, "ती वारली."

"पाल्यानं कोनी मरत नाही," ठकूबाई म्हणाली. "बांधला नसंल."

मग उठून ती मागे गेली आणि निर्गुडीच्या चार फांद्या तोडून आणल्या. त्यांचा उग्र वास हाताला लागला तो सुटेना. ती सांगत गेली आणि मी ऐकत गेले. तीन दुपारी बांधायचा. तव्यावर तिळाचं तेल सोडून पाला कोमट करायचा, चटका बसंल इतका नाही. तीन दिवस कामाला हात लावायचा नाही.

"आन् आपला आपन बांधायचा नाही," ती म्हणाली. "घरातलीच बाई पाहिजे, अन् तिचा हात याच कामातला पाहिजे. तिला नावानं हाक मारून मागायचं, मला एवढं बांधून दे म्हनून. मागितल्याबिगर गुन येत नाही. जिला मागितलं तिनं नाही म्हनायचं नाही. आन् जिनं बांधलं तिनंच सोडायचं."

"घरात याच कामातली दुसरी कुणी नाही आता."

ठकूबाईनं फांद्या माझ्या ओच्यात टाकल्या. "मागून तर बघ," एवढंच म्हणाली आणि शेळ्यांकडे वळली.

वाटेत मला तिचा राग आला. घरातलीच बाई काय, हाक मारून मागायचं काय. पाला औषधी आहे तर कुणीही बांधला तरी लागू पडायला हवा, असं मी स्वतःला पटवलं. शेजारणीला सांगायची सोय नव्हती. ज्या बायकांना मी बारा वर्षं हसले त्यांच्यापुढे मनगट धरून उभं राहण्यापेक्षा हात तुटलेला परवडला असता.

पहिल्या दुपारी मी पाला गरम केला, मनगटावर ठेवला आणि गुलाबी दोरा डाव्या हातानं आणि दातांनी कसाबसा गुंडाळला. गाठ बसली नाही. दोऱ्याचं टोक वेढ्यातच खोचलं आणि जरा आडवी झाले. आत्याबाई दारात बसल्या होत्या. बाहेर ऊन रणरणत होतं. मला कधी डोळा लागला ते कळलं नाही.

जाग आली ती हाताला गार लागलं म्हणून. मनगटावरचा पाला नीट एकावर एक रचलेला होता. त्यावरून दोरा गेला होता, एकसारखा, ना सैल ना घट्ट. वेढे उलटे होते. गाठ मनगटाच्या आतल्या अंगाला होती. आणि दोरा हिरवा होता.

मी उठून खुंटीपाशी गेले. सुपातल्या हिरव्या रिळाचं टोक बाहेर लोंबत होतं. ते ओलं होतं.

"आत्याबाई, तुम्ही आत आला होतात?"

"मी कशाला येऊ? मला काय दिसतंय?" त्या म्हणाल्या. मग जराशानं म्हणाल्या, "पर सूप वाजत व्हतं मघाशी. मला वाटलं तूच हाये. मंग वाटलं, इंदूचं असं वाजत नाही."

मी स्वतःला समजावलं. झोपेत आपणच उठलो असू, सवयीनं खुंटीवरचा दोरा घेतला असेल, डाव्या हातानं बांधला म्हणून उलटा बसला असेल. संध्याकाळपर्यंत मी तेच म्हणत राहिले. हात मात्र कमी दुखायचं नाव घेईना. उलट कळ कोपरापर्यंत चढली. रात्री मी कात्रीनं तो दोरा कापला आणि चुलीत टाकला. ओला असल्यासारखा तो चुरचुरत जळाला.

दुसऱ्या दुपारी झोपायचंच नाही असं ठरवून मी भिंतीला टेकून बसले. मागचं दार लावून कडी घातली होती. पुढच्या दारात आत्याबाई होत्या. पाला कोमट करून मनगटावर ठेवला आणि गुलाबी रीळ पुढ्यात घेतलं. डोळ्यांत तेल घालून मी त्या हाताकडे बघत होते. गल्लीत दळणाची चक्की चालू होती, ती थांबली. बाकी काही आवाज नव्हता.

मग खुंटीवरचं सूप भिंतीला घासून हललं. वारा नव्हता.

"शेवंता, हळू गं. तंबाखू सांडशील," आत्याबाई म्हणाल्या.

बारीकसं, रोजच्या सवयीचं बोलणं. पूर्वी दिवसातून दहादा म्हणायच्या तसं. म्हणून झाल्यावर त्यांच्याच ते ध्यानात आलं असावं, कारण त्या एकदम गप्प झाल्या. मी वळून त्यांच्याकडे बघितलं. तेवढ्या वेळात पाल्यावर पहिला वेढा पडला होता.

दुसरा वेढा मी माझ्या डोळ्यांनी बघितला. हिरव्या दोऱ्याचं टोक उचललं गेलं, मनगटाखालून गेलं, वर आलं. बांधणारं कुणी नव्हतं. पण माझ्या कातडीला बोटं लागत होती. गार आणि सुरकुतलेली, फार वेळ पाण्यात राहिल्यावर होतात तशी. मला हात ओढून घेता आला नाही. ओरडताही आलं नाही. गाठ बसली आणि तिच्यावर अंगठ्यानं दाबलं गेलं. विडी बंद करताना शेवटी दाबतात ना, तसं.

मी खाली बघितलं. माझ्यापासून मागच्या दारापर्यंत शेणानं सारवलेल्या जमिनीवर ओलं उमटलं होतं. कडी होती तशीच होती. दाराच्या पलीकडे परस होतं आणि परसात विहीर.

त्या रात्री तोही दोरा मी कापून टाकला आणि दुखणं खांद्यापर्यंत आलं. हात मांडीवर घेऊन मी बसून राहिले. बोटं वळेनात. ठकूबाईचं बोलणं आता मला नीट कळत होतं. बांधणारी आपणहून येत होती, पण मी मागितलं नव्हतं. मागितल्याशिवाय गुण येणार नव्हता. आणि मागायचं म्हणजे नावानं हाक मारायची, मोठ्यानं, आत्याबाईंच्या देखत. ज्यांच्या कानांतून सुपाची करकरसुद्धा सुटत नाही त्यांच्या देखत. हात गेला तर पोट गेलं, आणि हात हवा असेल तर दोन वर्षं दडवलेलं बाहेर काढायचं. पहाटेपर्यंत मी ठरवू शकले नाही.

तिसऱ्या दुपारी मी पाला कोमट केला. उरलेला सगळा. मागचं दार उघडलं. आत्याबाईंना हाताला धरून आत आणलं आणि माझ्यासमोर बसवलं.

"काय गं?" त्या म्हणाल्या.

मी मनगट पुढे केलं. "शेवंता," मी म्हणाले. "शेवंता, मला एवढं बांधून दे."

काही झालं नाही. सूप हललं नाही. उघड्या दारातून उन्हाची तिरीप आत आली होती, तिच्यात धूळ तरंगत होती.

"कोनाला म्हन्तीस?" आत्याबाईंनी विचारलं.

"शेवंताला."

"काऊन?"

"तिनं मला हेच म्हटलं होतं. बाई, एवढं बांधून द्या. पाला घेऊन आली होती. एका हातानं तिला बांधता येत नव्हतं."

"कवा?"

"त्याच दिवशी. सकाळी, तुम्ही देवळात गेला होतात तेव्हा."

आत्याबाईंचे पांढरट डोळे माझ्या तोंडाच्या दिशेनं होते. "मंग?"

"मी म्हटलं, नाटकं पुरे. हात दुखत नाही, जीव चोरतोय. म्हटलं, हंडा रिकामा आहे, आधी पाणी आण."

"पाय घसरला म्हनली व्हतीस तू."

"पाय नाही घसरला. मी याच दारातून बघत होते. बादली भरून वर येत होती आणि तिच्या मनगटातली ताकद गेली. दोर सुटला. तो धरायला ती वाकली." मला आता थांबता येत नव्हतं. "काठावर तिनं पाला ठेवला होता. पाणी झाल्यावर मी बांधून देईन असं तिला वाटत असेल. लोक यायच्या आधी मी तो उचलला आणि चुलीत घातला."

आत्याबाई रडल्या नाहीत. मग त्यांनी अगदी हळू विचारलं, "तिनं मागितलं तवा तुह्या हातात काय व्हतं?"

काम होतं, हे माझ्या जिभेवर आलं. दोन वर्षं मी स्वतःला हेच सांगत आले होते. मांडीवर सूप होतं, हात तंबाखूचे होते, उठायची सोय नव्हती. इतक्या वेळा सांगितलं होतं की मला ते सूप दिसायचंसुद्धा.

"काही नव्हतं," मी म्हणाले. "पानं भिजत घातली होती. ती भिजायची होती. मी नुसती बसले होते."

तेव्हा खुंटीवरचं सूप हललं.

या वेळी मी डोळे मिटले नाहीत. पाल्यावर वेढा पडला, दुसरा पडला, तिसराही पडला. गाठ बसली. अंगठ्यानं ती दाबली गेली. त्यानंतर तो गार हात माझ्या हातावर तसाच राहिला, गरजेपेक्षा थोडा जास्त वेळ. माझ्या खांद्यातून कळ उतरली, कोपरातून उतरली, मनगटाशी आली आणि गेली. मी मोठ्यानं रडले. बरं वाटलं म्हणून रडले नाही. तिला एक गाठ मारून द्यायला मला किती वेळ लागला असता, ते आता मोजून कळलं होतं.

आत्याबाईंनी मान वर केली. माझ्याकडे नाही, माझ्या शेजारी.

"शेवंता," त्या म्हणाल्या, "जेवलीस का गं?"

मागच्या दारापर्यंत जमीन ओली होत गेली. खुंटीवरच्या सुपात रिळाची नुसती लाकडी नळी उरली होती.

आत्याबाई त्यानंतर सहा वर्षं जगल्या. त्यांनी ही गोष्ट कुणाला सांगितली नाही, माझ्या नवऱ्यालाही नाही. माझ्या हातचं जेवल्या, माझ्या हातानं न्हायल्या. पण इंदू अशी हाक त्यांनी मला पुन्हा मारली नाही. "अगं" म्हणायच्या. शेवटच्या दुखण्यातही "अगं"च म्हणाल्या.

माझा हात पुन्हा कधी दुखला नाही. फक्त आठवड्यानं कारखान्यात विड्या घेऊन गेले तेव्हा चेकरनं एक विडी उचलून उजेडात धरली आणि माझ्याकडे विचित्र बघितलं. "बाई, गाठी उलट्या कशा काय?" मी म्हटलं, हात दुखत होता म्हणून सवय बदलली. त्यानं पुढे काही विचारलं नाही. पण त्या दिवशी माझा माल तपासताना त्यानं एकही विडी बाद केली नाही. त्यानंतर मी जेवढ्या विड्या वळल्या त्या सगळ्यांची गाठ दुसऱ्या अंगालाच आली.

याला आता एकतीस वर्षं झाली. पाला वाळून केव्हाच झडला, दोरा मात्र मनगटावर तसाच आहे. जिनं बांधलं तिनंच सोडायचं, म्हणून मी तो सोडला नाही. मागे रक्त तपासायच्या वेळी नर्सबाईंनी कात्री आणली तर मी हात मागे घेतला. गल्लीतल्या बायका मनगट धरून माझ्याकडे येतात. मी निर्गुडीचा पाला कोमट करते आणि बांधून देते. जेवता जेवता उठून बांधते. नाही कुणाला म्हणत नाही.

परसातली विहीर बुजवूनही वीस वर्षं होतील. तिच्यावरून आता कॉलनीचा रस्ता गेलाय. पण गेल्या सोमवारी दुपारी उठले तर मागच्या दाराच्या आत फरशी ओली होती. दुसऱ्या दिवशी आणखी आतपर्यंत होती. आणि मनगटावरच्या गाठीचं एक टोक निघालंय. एकतीस वर्षांत हललं नव्हतं, ते आता लोंबतंय. मी ओढलं तर सहज सुटेल.

मी ओढत नाही. मागचं दार दुपारचं लावत नाही, आणि भाकरी करताना एक जास्तीची थापून झाकून ठेवते.